दोन वर्षं न खपलेला नांगर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या तालुक्याला नव्यानं धंद्यात पडणाऱ्या मुलामुलींसाठी अधूनमधून प्रशिक्षण शिबिर भरतं. बँकेचं कर्ज, जमाखर्च, जाहिरात असे रोखठोक विषय संपले की तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवण अंगावर आलेलं असताना, एक प्रेरणेचं व्याख्यान असतं. ते बहुतेक वेळा माझ्या वाट्याला येतं. मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक. धंदा जन्मात केलेला नाही. पण सांगली जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला या विषयासाठी लांब जावं लागत नाही. मिरजेहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की वाटेत किर्लोस्करवाडी लागतेच.

त्या दिवशीही मी लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानं जमीन नासते या समजुतीपायी शेतकरी त्याला हात लावेनात. पहिले मोजके नांगर खपायलाच दोन वर्षं लागली. पण लक्ष्मणराव डगमगले नाहीत. या ‘डगमगले नाहीत’पाशी मी जरा थांबतो. तिथं टाळ्या येतात, असा वीस वर्षांचा अनुभव आहे.

टाळ्या आल्या. मग मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “सर, त्या दोन वर्षांत त्यांचं घर कशावर चालत होतं?”

मी म्हटलं, “जिद्दीवर.” सगळे हसले. तीही हसली आणि खाली बसली. पण तिचं समाधान झालं नव्हतं हे मला दिसत होतं. चहाच्या वेळी ती भेटली तेव्हा कळलं की तिचं साड्यांना पिको-फॉल करून देण्याचं दुकान आहे, आणि आता तिनं ज्वारीचे पोहे करून विकायला सुरुवात केली आहे. पोह्यांची पाकिटं आठवड्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी जातात. आदल्या दिवशीच्या एका व्याख्यात्यांनी सांगितलं होतं, एका वेळी एकच धंदा करा, दोन दगडांवर पाय ठेवू नका. म्हणून पिको-फॉलचं मशीन विकून टाकावं का, असा तिचा प्रश्न होता. लक्ष्मणरावांच्या घराची चौकशी ती त्यासाठी करत होती.

मला उत्तर देता आलं नाही. याची बोच एवढ्यासाठी लागली, की हाच प्रश्न पूर्वी एकदा माझ्या घरात आला होता आणि तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासानं उत्तर दिलं होतं. ते पुढे सांगतो. घरी आल्यावर मी किर्लोस्करांच्या इतिहासाचं माझ्याकडे जे काही होतं ते पुन्हा काढून बसलो. या वेळी टाळ्यांच्या जागा सोडून मधल्या ओळी वाचल्या.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाला शाळेची गोडी नव्हती. चित्रं आणि यंत्रं यांची होती. थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले म्हणून १८८५ साली तो मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेला. तिथं काही काळानं लक्षात आलं की डोळ्यांना काही रंगांतला फरक नीट ओळखता येत नाही. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलासाठी याहून वाईट बातमी कोणती? आता हे बघा, आपण चिकाटीच्या गोष्टी सांगतो तेव्हा हा प्रसंग भरकन उरकून टाकतो. कारण इथं लक्ष्मणरावांनी चिकाटी दाखवली नाही. त्यांनी रंग सोडले. रंगाची गरज लागत नाही अशी यांत्रिक रेखाटनं ते शिकले, आणि त्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपण जिला व्हीजेटीआय म्हणतो तिथं, शिक्षक म्हणून लागले.

पुढची गोष्ट सायकलींची. त्या काळी सायकल ही श्रीमंतांची चैन होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली बेळगावला पाठवायचे आणि रामुअण्णा त्या तिथं विकायचे, शिवाय पंधरा रुपये घेऊन लोकांना चालवायलाही शिकवायचे. १८८८ हे साल किर्लोस्कर उद्योगसमूह आपलं स्थापनेचं साल मानतो, ते या दुकानामुळे. आणि लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली कधी? १८९०च्या दशकाच्या उत्तरार्धात. हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले.

ही दोन सालं मी शेजारी शेजारी लिहिली आणि मला माझ्याच व्याख्यानाची लाज वाटली. ‘सरकारी नोकरीवर लाथ मारून त्यांनी धंद्यात उडी घेतली’ असं एक वाक्य मी त्यात वापरत आलो आहे. अहो, उडी कसली? त्याआधी कितीतरी वर्षं एक भाऊ मुंबईत पगार मिळवत होता आणि दुसरा बेळगावात दुकान सांभाळत होता. राजीनाम्याला अपमानाचं निमित्त झालं खरं. पण लक्ष्मणराव परतले ते रिकाम्या जागी नव्हे. तिथं गिऱ्हाईक होतं, उधारी-वसुलीचा सराव होता, आणि मुख्य म्हणजे विकण्याचं काम आनंदानं करणारा भाऊ होता. रामुअण्णांचं नाव आपल्या व्याख्यानांत येत नाही. यायला पाहिजे. मुलगा चित्रकला शिकायला निघतो तेव्हा ते आहेत, सायकल विकायची तेव्हा ते आहेत. धाकट्या भावाचे तीन बेत बदललेले बघूनही जो थोरला भाऊ ‘अरे, एकदा काय ते नक्की कर’ असं न म्हणता चौथ्या बेताला उभा राहतो, त्याच्याबद्दल पुस्तकं निघत नाहीत.

चौथा बेत म्हणजे कडबा कापण्याचं यंत्र. आणि मग नांगर.

आता त्या दोन वर्षांकडे येऊ. लोखंडानं जमीन नासते, ही शेतकऱ्यांची अंधश्रद्धा होती आणि लक्ष्मणरावांनी चिकाटीनं ती मोडून काढली, असं आपण सांगतो. मी शेतकरी घरातला आहे आणि तरीही हे वाक्य मी वर्षानुवर्षं विचार न करता म्हणत आलो. वास्तविक लाकडी नांगराला फाळ असतो तो लोखंडाचाच. आमच्या आज्ज्या-पणज्यांनी शेकडो वर्षं जमिनीत लोखंड घातलेलंच होतं. मग एकाएकी त्याची भीती का वाटावी?

जरा त्या शेतकऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसू. त्याचा लाकडी नांगर गावच्या सुतारानं घडवलाय, फाळ लोहारानं. हाळीस मोडली, रुमणं ढिलं झालं, फाळ बोथटला, तर दोघं घराजवळ आहेत. त्यांना तो पैसे देत नाही. सुगीला खळ्यावर बलुतं घालतो. आणि बेळगावचे कुणी किर्लोस्कर त्याला सांगतायत, रोख पैसे मोजून हा नांगर घे. हा नांगर ओतीव लोखंडाचा, म्हणजे ज्याला आपण बीड म्हणतो त्याचा. बीड ठिसूळ असतं. जमिनीतल्या दगडावर आपटून तुकडा उडाला तर गावच्या लोहाराला भात्यावर ते सांधता येत नाही. ऐन नांगरटीत मोडला तर जायचं कुठं? त्या माणसाचं वर्ष बुडालं.

आणखी एक. लाकडी नांगर माती उकरतो. लोखंडी नांगर ती उलथी करतो. खालची माती वर येते, हरळीची मुळं उघडी पडतात, हाच त्याचा मोठा गुण. पण काळ्या रानात एवढं खोल जायचं तर दोन बैलांचं काम नाही, चार-सहा जुंपावे लागतात. आणि साल कोणतं आहे बघा. १८९६-९७चा दुष्काळ आणि लगेच १८९९-१९००चा दुष्काळ. दख्खनमध्ये माणसांइतकीच गुरंही मेली. दावणीला बैल उरलेले नाहीत अशा वेळी जास्त बैल मागणारं अवजार गावात आलं. शिवाय खालची माती वर आली की पहिल्या वर्षी पीक कसं येईल याची खात्री कोण देणार? ‘लोखंडानं जमीन नासते’ या तीन शब्दांच्या उत्तरात त्या शेतकऱ्यानं हे सगळं कोंबलेलं असणार, असं मला वाटतं. समोरच्या शिकलेल्या माणसाला ‘मला परवडत नाही’ असं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

म्हणजे लक्ष्मणरावांच्या समोर अडाणीपणाची भिंत नव्हती, एक वाजवी हिशेब होता. वाजवी हिशेबापुढे नुसती जिद्द काय करणार? तिथं नांगर सुधारावा लागतो. बीड मऊ असेल तर फाळ झिजतो, कडक केलं तर तुटतो. या दोहोंच्या मधला बिंदू ओतशाळेत, भट्टीपाशी घाम गाळून सापडतो. नांगर ओतणाऱ्या प्रत्येकाला हे कोडं सोडवावं लागतं. आणि हे काम करणारा मूळचा कोण, तर चित्रकला सोडलेला रेखाटनाचा मास्तर! झिजणारा भाग तेवढा बदलता आला पाहिजे, तो शेतकऱ्याला वेळेवर मिळाला पाहिजे, हेही याच हिशेबात येतं.

आणि आता त्या मुलीचा प्रश्न. या काळात घर कशावर चालत होतं? मला जे उत्तर दिसलं ते असं, की नांगर हा त्या घरातला एकुलता एक मुलगा नव्हता. कडबा कापण्याचं यंत्र त्याच्या आधीपासून बनत होतं. या यंत्राची आणि नांगराची तुलना करून बघा. अख्ख्या पेंढ्या गुरांपुढे टाकल्या तर गुरं पानं खातात आणि जाड बुडखे तुडवून टाकतात. तोच कडबा बारीक कापून घातला तर वाया जात नाही. दुष्काळ अंगावर घेतलेल्या शेतकऱ्याला याचं मोल सांगावं लागत नाही. सकाळी यंत्र आणलं तर संध्याकाळी गोठ्यात फरक दिसतो. यंत्र बिघडलं तर एक दिवस विळ्यानं कापावं लागेल, एवढंच. नांगराचा फायदा मात्र पुढच्या सुगीला दिसणार आणि तोटा झाला तर सगळ्या वर्षाचा. एक वस्तू आजच्या भाकरीची, दुसरी पुढच्या दहा वर्षांची. दोन्ही एकाच छपराखाली, त्याच भात्यावर, त्याच माणसांच्या हातून होत होत्या. नांगर विकला गेला नाही म्हणून सकाळी कारखान्यात येऊन हातावर हात ठेवून बसायची वेळ येत नव्हती. माणूस खचतो तो नकारानं जेवढा खचतो त्याहून जास्त रिकाम्या दिवसानं.

इथं माझ्या घरातली गोष्ट सांगतो. माझा धाकटा भाऊ आय.टी.आय. झालेला. आमच्या गावाजवळच्या रस्त्यावर त्यानं पत्र्याच्या शेडमध्ये वर्कशॉप घातलं. शेतीच्या अवजारांची दुरुस्ती, वेल्डिंग, ट्रॉलीचे दांडे, गेट, जे येईल ते. काम भरपूर होतं, पैसे सुटे सुटे मिळत होते. आमच्याकडे हळदीचं पीक मोठं. शिजवून वाळवलेल्या हळदीला पॉलिश करायला जाळीचा ड्रम लागतो. त्यानं स्वतःच्या डोक्यानं एक ड्रम बनवला, कमी श्रमात फिरणारा. चांगला होता. पहिल्या हंगामात एकही गेला नाही. तो माझ्याकडे आला. म्हणाला, “दादा, दुरुस्तीचं काम करत करत ड्रम बनवू, का दुरुस्ती बंद करू?”

आणि मी त्याला लक्ष्मणरावांची गोष्ट सांगितली. ‘डगमगले नाहीत’पाशी थांबलो. म्हटलं, किरकोळ कामात आयुष्य घालवलंस तर वेल्डरच राहशील. एकच ध्येय धर. त्यानं दुरुस्तीचा फलक उतरवला. एका पतसंस्थेचं कर्ज काढून सहा ड्रम बनवले. दुसऱ्या हंगामात एक विकला, तोही मेव्हण्याला. तिसऱ्या वर्षी शेड गेलं.

ड्रम वाईट नव्हता हे मी पुन्हा सांगतो. वेळ कमी पडला. दुरुस्तीला येणारे शेतकरीच उद्या ड्रमचे गिऱ्हाईक होते. रोज शेडमध्ये येऊन, चहा पिऊन, त्या ड्रमला हात लावून, फिरवून बघणारे. फलक उतरवला तशी ती माणसं यायची थांबली. त्यांच्याबरोबर ‘याचा आस थोडा वर घे’, ‘दार मोठं कर’ असं सांगणारंही कुणी उरलं नाही. भाऊ सहा ड्रमांबरोबर शेडमध्ये एकटा बसायचा. माझ्यावर तो कधी रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

असो. लक्ष्मणरावांकडे परत येतो, कारण त्यांच्या बाबतीत वेळ कुठून आला हे मला त्यानंतर जास्त बारकाईनं पाहावंसं वाटलं.

बेळगावात जम बसत आला तोवर कारखान्याची जागाच गेली. शहराच्या नव्या वसाहतीच्या आखणीत ती येत होती. वय चाळीस, पदरी मुलंबाळं, विश्वासानं सोबत राहिलेले कामगार, आणि पायाखालची जमीन सोडायची. या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. बाळासाहेब १९०९ साली गादीवर बसले होते. स्वतः चित्रकार, चित्रांचे मोठे संग्राहक; सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून तर महाराष्ट्र त्यांना ओळखतोच. संस्थान लहान, जमीन बरीचशी दुष्काळी. या राजांनी लक्ष्मणरावांना आधी औंधात एक बांधकामाचं काम दिलं. कारखानदारानं ते घेतलं. मग राजांनी कारखान्याला जागा देऊ केली आणि दहा हजार रुपये दिले, बिनव्याजी.

या बिनव्याजी शब्दावरून मी पूर्वी झरकन पुढे जायचो. भावाच्या शेडनंतर तो शब्द मला वेगळा दिसतो. व्याज रविवारीही चालतं आणि पावसाळ्यातही चालतं. व्याज भरणाऱ्या माणसाला चूक करायला, ती दुरुस्त करायला, शेतकऱ्याची पुढची सुगी यायची वाट बघायला सवड नसते. बाळासाहेबांनी दहा हजार रुपयांबरोबर ही सवड दिली. एकट्या किर्लोस्करांना नव्हे. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला तोही औंध संस्थानाच्याच हद्दीत. त्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील आमच्या घरात वीज येईपर्यंत होता. मोठ्या मोठ्या संस्थानांनी हत्ती-घोडे सांभाळले आणि या चिमुकल्या संस्थानानं नांगर आणि कंदील सांभाळले, हे मला मराठी मुलखाच्या इतिहासातलं एक फार समजूतदार प्रकरण वाटतं. शाळेच्या पुस्तकात त्याला दोन ओळी मिळाल्या तरी पुष्कळ.

लक्ष्मणरावांनी जागा निवडली कुंडल रोड स्टेशनजवळची. बत्तीस एकर माळ, निवडुंगाचं रान आणि नागांची वस्ती. पण रेल्वे दाराशी होती, म्हणजे लोखंड-कोळसा येणार आणि नांगर जाणार. १० मार्च १९१० रोजी तिथं काम सुरू झालं. पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबं बेळगावहून त्यांच्याबरोबर आली. ही माणसं का आली असतील याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पगार काही फार नसणार, माळावर घर नाही, पाणी नाही. पण या कारखानदाराच्या हाताखाली काम करताना त्यांनी एक अनुभवलं असणार, की अडचण आली तर तो माणूस कमी करत नाही, वस्तू बदलतो.

आणि जमवलेली माणसंही कशी! हिशेब ठेवणारे मंगेशराव रेगे. यंत्रविद्येत डोकं असणारे शंभुअण्णा जांभेकर. शाळेत न रमलेले, पण हातात कसब असलेले अनंतराव फळणीकर. पडेल ते काम अंगावर घेणारे के. के. कुलकर्णी. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी पहाऱ्याची जबाबदारी सोपवली आणि त्यांनी ती निभावली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडक होता. घरात राधाबाई होत्या. नवऱ्याचा धंदा उभा राहताना आल्यागेल्याचं, शिकाऊ पोरांचं जेवणखाण घरातूनच निघायचं, हा त्या काळचा सगळीकडचाच रिवाज. त्या खर्चाची आणि श्रमाची नोंद कुठल्याच कीर्दीत होत नाही.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. १९१४ साली महायुद्ध सुरू झालं. परदेशी नांगर येईनासे झाले, म्हणजे बाजार मोकळा. पण ओतायला लोखंड आणि भट्टीला कोळसाही मिळेना. मागणी आहे आणि माल बनवता येत नाही, ही धंद्यातली सर्वांत जीवघेणी अवस्था. या वेळी कोल्हापूरचे शाहू महाराज मदतीला आले. पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा त्यांनी वितळवायला दिल्या आणि त्यांच्या लोखंडाचे नांगर झाले. इतिहासाचा शिक्षक म्हणून त्या तोफांबद्दल जरा वाईट वाटतं, हे कबूल करतो. पण तोफेचा नांगर होण्यापेक्षा चांगलं मरण तोफेला कुठलं मिळणार?

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच साली पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. आधी कारखान्याची खबरबात देणारं हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि घरोघर गेलं. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९२६ साली यंत्रशास्त्राची पदवी घेऊन परतले. उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रं, हातपंप, मग मोठे पंप, पुढे १९४६ साली पुण्यात तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा कारखाना. यादी लांबवत नाही; या यादीतल्या कशावर ना कशावर आपल्यापैकी पुष्कळांच्या शेताचं पाणी चाललेलं आहे.

एक दिवस मात्र सांगायलाच हवा. ३० जानेवारी १९४८ला गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. त्या वेळी लक्ष्मणराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. अडतीस वर्षांचं काम डोळ्यांदेखत राख. तो कारखाना पुन्हा उभा राहिला. या प्रसंगावर मी पूर्वी व्याख्यान संपवायचो, कारण सभागृह भारावून जायचं. आता वाटतं, १९४८ साली उभं राहायला त्यांच्यापाशी बरंच काही होतं: नाव होतं, मुलगा होता, ओतशाळेत मुरलेली माणसं होती, हरिहरला आणि पुण्याला दुसरे कारखाने होते. १९०३ साली यातलं काहीच नव्हतं. तेव्हा होता तो एक भाऊ, एक कडबा कापण्याचं यंत्र आणि शेतकऱ्याचं ‘नको’. माझं मन त्या आगीपेक्षा या दोन वर्षांत जास्त अडकतं.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.

हे सगळं वाचून झाल्यावर मी शिबिरवाल्यांकडून त्या मुलीचा नंबर मिळवला आणि तिला फोन लावला. म्हटलं, “बाळ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलंय. कडबा कापण्याच्या यंत्रावर.” पलीकडे क्षणभर शांतता. मग मी तिला सगळं सांगितलं: सायकलीचं दुकान आणि मुंबईचा पगार, यंत्र आणि नांगर, बिनव्याजी दहा हजार. माझ्या भावाचंही सांगितलं, जे मी सहसा कुणाला सांगत नाही. तिनं मध्येच विचारलं, “म्हणजे सर, साडीला फॉल लावायला येणाऱ्या बायकांनाच पोहे चाखायला देऊ का? दुकानात स्टोव्ह आहे.”

मी म्हटलं, मला धंद्यातलं काही कळत नाही, पण दे.

भावाचे उरलेले पाच ड्रम अजून आमच्या मळ्यात चिंचेखाली आहेत. तो आता दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये कामाला जातो. मागच्या हंगामात शेजारच्या वस्तीवरच्या एकानं त्यातला एक मागून नेला, परत आणताना म्हणाला, आस चार बोटं वर पाहिजे. भावानं काही उत्तर दिलं नाही. पण रविवारी बघतो तर ड्रम आडवा पाडून, हातात खडू घेऊन तो त्यावर खूण करत बसला होता.